इंजन तापलं

गिरणीच्या तोंडात ज्वारी ओतता ओतता पंजाबरावांनी डबा तसाच खाली टेकवला, स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि नुसत्या बनियनवर बाहेर आले. दाराशी रांजण होता. त्यांनी गडूभर पाणी मानेवर ओतले आणि डोळे मिटून उभे राहिले. समोरच्या ओट्यावर माणसे कान बांधून उन्हाला बसली होती.

मागे पट्टा रिकामाच फिरत राहिला. दळण घ्यायला आलेला तुळशीराम दारातून वाकून बघत होता.

"काय पंजाबराव, इंजन तापलं काय?"

ओट्यावरची माणसे हसली. पंजाबरावही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, नेहमीसारखे. पिंपळगाव राजात कुणी रागावला, कुणाला घाम फुटला की हेच म्हणत, आणि हा शब्द गावाला त्यांनीच दिलेला होता. हसून झाले तरी रांजणाच्या काठावरचा हात त्यांनी उचलला नाही. थोड्या वेळाने थंडी वाजू लागली आणि ते स्वेटर शोधायला आत गेले.

वजनकाट्याजवळ पंचफुलाबाई बसल्या होत्या. त्यांनी स्वेटर आधीच झटकून ठेवला होता.

*बायॉप्सी*

तुकडा काढून पाहतात ते. पंचफुलाबाईंनी परगावच्या नणंदेला असेच सांगितले होते.

गेल्या वर्षी अकोल्याच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटची गाठ कॅन्सरची निघाली असे सांगितले, तेव्हापासून घरात नवे शब्द येत गेले. गिऱ्हाइकाचा डबा झाकणावरून ओळखावा तसा पंचफुलाबाई एकेक शब्द ओळखू लागल्या. बोनस्कॅन म्हणजे हाडात उतरला का ते बघणे. उतरला नव्हता. रेडिएशन म्हणजे शेक. तो घेऊन झाला. गावात मात्र यातले काहीच पोचले नव्हते. गावासाठी पंजाबरावांना बीपी होता.

*पीएसए*

रक्तातला आकडा. चढला तर वाईट, उतरला तर चांगले. उतरला होता.

"उद्या मी जात नाही अकोल्याले," दुपारी गिरणी बंद केल्यावर पंजाबराव म्हणाले.

"काऊन?"

"आकडा उतरला न. आता सुई कायले?"

"डाक्टर म्हणे, चुकवू नका."

"ताकतीचं इंजेक्शन हाय ते. ताकत काय करू आता? गिरणी तर मोटार चालवते."

पंचफुलाबाई हसल्या नाहीत. पंजाबरावांच्या बनियनचा गळा अजून ओला होता, त्याकडे त्या बघत होत्या.

*टेस्टोस्टेरॉन*

हा शब्द पंजाबरावांनी घरात आणलाच नाही.

डॉक्टर तो समजावू लागले तेव्हा त्यांनी बायकोला बाटलीत पाणी भरून आणायला पाठवले होते. ती परत आली तोवर समजावणे संपले होते. काय म्हणे डाक्टर, तिने विचारले. ताकतीचं लिहून देलं, ते म्हणाले.

*हॉट फ्लॅश*

पंचफुलाबाईंनी पीठ पुसून फोन काट्याच्या ताटलीत ठेवला आणि लेकीला लावला. समता अकोल्यात नोकरीला होती. बाबांच्या फायली तीच सांभाळायची, पण काही गोष्टी आईला बाबांनीच सांगाव्यात असे तिला वाटत आले होते. फोनचा आवाज मोठा होता. पंजाबराव उठून जाऊ शकले असते, पण ते मोटारीवरची धूळ पुसत राहिले.

पंचफुलाबाईंनी सांगितले की बाबाले थंडीत घाम येऊन राह्यला. आधी छातीतून वाफ उठते. मग मान, मग तोंड लाल होते, कान जळतात. वाटते की अंगावरचे सारे फाडून फेकावे. मग एकदम गारठा येतो आणि रडू येते, कशाचे ते कळत नाही.

पुसणारा हात थांबला. रडण्याचे पंजाबरावांनी कुणालाच सांगितले नव्हते.

"बाबांनी सांगतलं तुला?" समताने विचारले.

"नाई. माहीत हाय मले."

मग समता हळूहळू बोलू लागली. हा कॅन्सर पुरुषाच्या अंगातल्या हॉर्मोनवर पोसला जातो. इंजेक्शन ते हॉर्मोन बंद करते, म्हणून आकडा उतरला. आपल्या मनाने थांबवले तर तो पुन्हा चढू शकतो. आणि हे जे होते आहे ते इंजेक्शनमुळेच. त्याला हॉट फ्लॅश म्हणतात. डॉक्टरांना सांगितले तर त्यावरही काही देतात, सांगायला लाजू नका.

"बायांचं पाळी जाताना होते न आई, तेच ते," ती शेवटी म्हणाली.

फोन बंद झाला. पंजाबराव बायकोच्या रागाची वाट बघत उभे होते. ताकतीचे म्हणून खोटे सांगितल्याचा राग, पाण्याला पाठवल्याचा राग. पंचफुलाबाईंनी फोन पदराने पुसला.

"मंजे याले नाव हाय," त्या म्हणाल्या.

"हाव."

"मले वाटे तवा, मलेच काही झालं."

गिरणी तेव्हा डिझेलची होती. इंजिन तापले की त्यावर पाणी सोडावे लागे. त्याच वर्षांत पंचफुलाबाई काटा अर्धवट टाकून रांजणाकडे जात, पदराचे टोक भिजवून मानेवर धरत. गिऱ्हाइके खोळंबत आणि पंजाबराव त्यांना म्हणत, थांबा बे, इंजन तापलं. किती हसू व्हायचे. पुढे डिझेलचे इंजिन भंगारात गेले. पंचफुलाबाईंचे ते दिवसही कधीतरी संपले, कधी ते पंजाबरावांच्या लक्षात आले नाही. शब्द तेवढा गावात राहिला.

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडले.

"सकायची गाडी हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "सुटरच्या आतून सुती घाला. लवकर काढता येते."



*फॉलोअप*

म्हणजे पुन्हा जाणे.

अकोल्याची गाडी खामगावला मिळे. तिथवरच्या एसटीत गावातलीच माणसे होती. तुळशीराम मागच्या बाकावर मफलर गुंडाळून बसला होता. जयभीम, रामराम झाले. एवढ्या सकाळी जोडीने कुठे, त्याने विचारले. बीपी दाखवायला, पंजाबरावांनी सांगितले.

गाव मागे पडले आणि त्यांच्या छातीतून वाफ उठली. त्यांनी समोरची दांडी धरली. पंचफुलाबाई खिडकीपाशी होत्या. नवऱ्याकडे न बघताच त्यांनी काच सरकवली. वारा सुरीसारखा आत आला.

"वहिनी, लावा न काच," मागून तुळशीराम म्हणाला. "कुडकुडून राह्यलो."

"थांबा जरासं, भाऊ. माह्या अंगाची आग होऊन राह्यली."

पंजाबरावांनी मान वळवली. पंचफुलाबाई बाहेर कपाशीच्या शेतांकडे बघत होत्या. पदर त्यांनी दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता.

"थांबा बे," तुळशीराम सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "वहिनीचं इंजन तापलं."

एसटी हसली. हसता हसता सगळ्यांनी पंजाबरावांकडे पाहिले, कारण यावर पुढची भर नेहमी तेच घालत. त्यांच्या कानामागून घाम उतरत होता. त्यांनी स्वेटर डोक्यावरून काढला आणि मांडीवर ठेवला.

"तिचं नाही," ते म्हणाले. "माहं तापलं."

तुळशीराम हसऱ्या चेहऱ्याने पुढचे ऐकायला थांबला. पुढे काही आले नाही. तो जरा वेळ पंजाबरावांच्या ओल्या मानेकडे बघत राहिला, मग त्याने मफलर कानावरून ओढून घेतला आणि काचेचे नाव पुन्हा काढले नाही.

पंचफुलाबाईंनी पिशवीतली बाटली काढली, पदराचे टोक भिजवले आणि पंजाबरावांच्या हातात दिले. कुठे धरायचे ते सांगितले नाही. रांजणापाशी त्यांनी ते कितीदा तरी पाहिले होते.