रिकाम्या हॉलमधली माणसं

रिकामा हॉल पाहिला की मुग्धाला गुंगी यायची. कंटाळ्याची नव्हे. दुपारी जेवून जरा आडवं झाल्यावर रस्त्यावरचे आवाज हळूहळू लांब जायला लागतात ना, तशी. जिचा धंदाच रिकाम्या हॉलचा, तिला असं होऊन कसं चालेल? पण चालत होतं. उलट त्या गुंगीतच तिचं काम उत्तम व्हायचं, आणि हे तिच्या साहेबांना ठाऊक नव्हतं म्हणून बरं.

ऑफिसात कॉम्प्युटरचं जाळं बसवण्याआधी त्याचा आराखडा करणं हे तिचं काम. कुठल्या टेबलापाशी केबलचं तोंड काढायचं, छतातून ती केबल कुठून न्यायची, आणि सगळ्या केबली शेवटी कुठल्या खोलीत आणून जोडायच्या, ते तिने कागदावर ठरवायचं. मग बाकीच्यांनी ड्रिल घेऊन धूळ उडवायची. लग्न होऊन नागपूरहून बंगलोरला आल्यावर ती हे शिकली आणि त्यात रमली. नवरा, अजित, प्रोग्रामर. सन दोन हजार उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर बावचळणार म्हणून अमेरिकेत प्रोग्रामरांना मरणाची मागणी होती. तोही वर्षापूर्वी तिकडे गेला. आता दसरा झाला की मुग्धाने चेन्नईला जाऊन व्हिसा घ्यायचा आणि त्याच्याकडे जायचं, असं ठरलं होतं. बायको म्हणून मिळणारा व्हिसा. त्यावर तिथे राहता येतं, फिरता येतं, स्वयंपाक तर हवा तेवढा करता येतो. नोकरी मात्र करता येत नाही.

तिला जायचं होतं की नव्हतं? हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनेही स्वतःला विचारायचं टाळलं होतं.

अशात ‘पाखरू’चं काम आलं. कोरमंगलातल्या एका कोऱ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर उघडणारा सॉफ्टवेअर स्टुडिओ. मालक निहार, पुण्याचा. मुलांसाठी हलत्याबोलत्या चित्रगोष्टींच्या सीड्या काढणार होता. हलती चित्रं म्हणजे अवजड मामला. साध्या जाळ्यावरून एकाचं चित्र दुसऱ्याकडे पोचेपर्यंत माणसाने कॉफी पिऊन, कप विसळून परत यावं. निहारला दसपट वेगाचं जाळं हवं होतं, तेही दसऱ्याच्या आत.

हॉल लांबरुंद. एका अंगाला सगळ्या खिडक्याच. खिडकीतून पलीकडे एचएसआर लेआउट दिसायचं. लेआउट म्हणजे काय, तर प्लॉटच्या हद्दीचे दगड रोवलेले आणि मधल्या गवतात म्हशी. ज्यांची घरं तिथे व्हायची होती ते लोक रविवारी स्कूटरवरून येऊन आपापल्या दगडाशी उभे राहायचे आणि हवेत हात फिरवून बायकोला स्वयंपाकघर दाखवायचे. मुग्धाला ते लोक फार आवडायचे.

“कोण कुठे बसणार?” तिने निहारला विचारलं.

“अगं, हायरिंगच सुरू नाही केलंय अजून. तू फुल कपॅसिटी धरून प्लॅन कर. कोणीही कुठेही बसेल.”

कोणीही कुठेही! दुसऱ्या कुणाला ही सुटका वाटली असती. चौकटी आखायच्या आणि मोकळं व्हायचं. पण टेबलाशी माणूस दिसल्याशिवाय मुग्धाचा हातच उठायचा नाही. ती भिंतीला टेकून फरशीवर बसली, डोळे अर्धे मिटले आणि वाट बघत राहिली.

पहिला आला श्रीरंग. हत्ती काढण्यात पटाईत, वाघ मात्र त्याचे मांजरासारखे व्हायचे. डावखुरा. म्हणजे केबलचं तोंड उजव्या हाताला हवं, नाहीतर चित्र काढताना कोपर लागणार. मग आली भाग्यलक्ष्मी. ही आवाज गोळा करणारी. पावसाचा, पाटावरवंट्याचा, शेजाऱ्यांच्या भांडणाचा. तिला शांतता हवी म्हणून आतला कोपरा. मग हयवदन, ज्याचा पाय एका जागी ठरायचाच नाही. खुर्चीसकट फिरायचा. त्याच्यासाठी दोन ठिकाणी सोय ठेवावी लागली. दुपार कलेपर्यंत हॉल निम्मा भरला, आणि मुग्धा खडू घेऊन उठली.

केबल ओढायचं काम नागनाथकडे होतं. निपाणीकडचा गडी, मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच दमात बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने खडूच्या खुणा बघितल्या आणि डोकं खाजवलं.

“म्याडम, समद्या खुणा डाव्या अंगाला, ही एकच उजवीकडं कशापायी?”

“तिथे श्रीरंग बसणार. डावखुरा आहे.”

“बरं,” नागनाथ म्हणाला, आणि तसंच केलं. आठवड्याभराने त्याला कुणीतरी सांगितलं की स्टुडिओत अजून एकही माणूस नेमलेला नाही. तो येऊन मुग्धासमोर उभा राहिला. ती ओशाळली. पण नागनाथ हसला नाही; त्याने फक्त विचारलं, “मग त्या कोपऱ्यात कोण हाय?” तिने भाग्यलक्ष्मीबद्दल सांगितलं. त्या दिवसापासून तो शिडीवरून आपल्या माणसांना ओरडायला लागला, “अरे, श्रीरंगच्या डोक्यावरनं न्या की ती! भाग्यलक्ष्मीपाशी ड्रिल मारताना सावकाश!”

एकदा तर दोघांची जुंपलीच. छतातल्या ट्यूबलाइटच्या वायरशेजारून आपली केबल न्यायची नाही, हा नियम; नाहीतर कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं बिघडतं. नियम पाळायचा तर हयवदनच्या एका टेबलाची सोय जाणार. नागनाथ म्हणाला, राहू दे एकच. मुग्धा म्हणाली, त्याचं मन लागणार नाही. नागनाथ म्हणाला, त्यानं बसायला शिकावं की! बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातली गत. शेवटी वळसा घालून केबल नेली, आणि दोघांनाही अगदी समाधान वाटलं.

या केबलीची एक तऱ्हा असते. आतल्या तारा जोडीजोडीने एकमेकींना पीळ घालून असतात; पीळ सुटला की बोलणं अडखळतं. वाकवलेलं तिला फार सोसत नाही. आणि नव्वद मीटरच्या पुढे ओढली तर भरवसा नाही. यावरून संसाराबद्दल काही शहाणपण सुचत असेल, तर ते मुग्धालाही सुचलं होतं आणि तिने ते झटकून टाकलं होतं.

दुपारी नागनाथची माणसं जेवायला गेली की ती हॉलमध्ये एकटीच उरायची. खिडकीचं ऊन फरशीवर चौकोन-चौकोन सांडलेलं. तिला डुलकी लागायची आणि त्या डुलकीत ती छताच्या पोकळीतून निघायची, केबलींच्या बरोबरीने, अंधारातून अलगद. खाली सगळे कामात असायचे. कुणाचा हत्ती सोंड हलवत वरून जायचा, त्याच्यामागे पावसाचा आवाज. कुणी मान वर करून बघायचं नाही, तरी सगळ्यांना ती तिथे आहे हे माहीत असायचं. जाग आली की तिला इतकं बरं वाटायचं की त्याचीच भीती वाटायची.

दर रविवारी सकाळी अजितचा फोन यायचा; त्याच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ. फोन घरमालकीणबाईंकडे. अंबूबाई म्हणजे बंगलोरात मुरलेल्या जुन्या मराठी घरातल्या. सगळं जयनगर त्यांना अक्का म्हणायचं. त्या जिन्यातून हाक द्यायच्या, “मुग्धा, फोन आला गे! स्वल्प लवकर ये!” आणि फोन झाल्यावर न चुकता सुनवायच्या, “नवरा तिथं, तू हिथं. हे सरी नाही, बरोबर नाही हं.”

अजित गमतीचा माणूस. हॉलमधल्या मंडळींबद्दल तिने सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला, आणि मग तेच त्याच्या फोनचं पहिलं वाक्य झालं. “काय म्हणतोय आपला श्रीरंग? नवीन कोण आलं?” तीही रंगून सांगायची. त्याच्या खिचडीची, थंडीची, ऑफिसची चौकशी व्हायची. पण पाच मिनिटं तरी त्या नसलेल्या माणसांतच जायची. चेन्नईचा विषय आला की तिचा आवाज जरा पातळ व्हायचा. तो म्हणायचा, “लाइन खराब आहे वाटतं.”

दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी जाळं पुरं झालं. निहारने हॉलच्या या टोकाच्या कॉम्प्युटरवरून एक भलंमोठं चित्र त्या टोकाला पाठवलं, आणि तो तिकडे चालत जायला वळला तोवर ते तिथे पोचलेलंही होतं. तो लहान मुलासारखा पुन्हा पुन्हा पाठवत बसला. नागनाथने मुग्धाकडे बघून भुवया उडवल्या.

“मुग्धा, ऐक,” निहार म्हणाला. “हे सगळं सांभाळायला मला माणूस लागणारच. पुढे अजून एक मजला घ्यायचा विचार आहे. तू ये ना. आय मीन इट. सोमवारी सांग.”

घरी जाताना बसमध्ये तिला धड काही सुचत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. दोन्हीकडे चांगलंच होतं की! एकीकडे भला नवरा, एकीकडे भलं काम. शनिवारभर तिने अंबूबाईंच्या गच्चीवर नुसत्या फेऱ्या घातल्या.

रविवारी फोन आला. आज श्रीरंग नाही, काही नाही.

“मुग्धा, घर मिळालं! दोन खोल्या. खिडकीतून तळं दिसतं!”

“थांब, कागद घेते,” ती म्हणाली. सवयच ती. अंबूबाईंच्या फोनशेजारी पडलेलं जुन्या कॅलेंडरचं पान तिने उलटं केलं. “हं, सांग. दार कुठे?”

तो सांगत गेला, ती काढत गेली. दार. डावीकडे स्वयंपाकघर, चार शेगड्यांचं. समोर हॉल. खिडकीशी अजितचं टेबल, कारण तळं. त्याच्यासमोर टीव्ही. भिंतीला सोफा, एक मित्र घर बदलतोय, त्याचा मिळणार होता. मित्र क्रिकेट बघायला येतील ते तिथेच पसरतील. तिच्या पेन्सिलीने आपोआप खुणा केल्या. टेबलाशी एक, टीव्हीशी एक. मग ती डोळे अर्धे मिटून थांबली. टेबलाशी अजित आला, पाठमोरा. सोफ्यावर त्याचे मित्र आले. ती अजून थोडी थांबली. आणखी कुणी येईना.

“आणि मी कुठे?” तिने विचारलं.

“तू?” अजित हसला. “वेडे, सगळं घर तुझंच आहे की!”

तो हे अगदी मनापासून म्हणाला. म्हणून तर तिला इतकं लागलं. नागपूरला आईलाही सगळे ‘घर तुझंच’ म्हणायचे, आणि दुपारचा चहा आई मोरीच्या कट्ट्यावर बसून प्यायची.

“अजित, मी मघापासून मला बसवून बघतेय,” ती म्हणाली. “कुठेच बसत नाहीये रे. मला नाही यायचं. आत्ता तरी नाही. निहार काम देतोय, ते मला करायचंय.”

स्वयंपाकघरात अंबूबाईंचा खलबत्ता थांबला. आता तो चिडेल, मग समजूत घालेल, मग बाबांना फोन करीन म्हणेल, याची तिने मनातल्या मनात तयारी केली.

“एक विचारू?” अजित म्हणाला. आवाज अगदी साधा. “तुझ्या त्या हॉलमध्ये मला कुठे बसवलंस?”

मुग्धाने डोळे मिटले. हॉल लगेच आला. दारापासून ती एकेका टेबलाशी जात गेली. श्रीरंग. कोपऱ्यात भाग्यलक्ष्मी. हयवदन, आज खिडकीपाशी. मग बाकीचे सगळे; कोण नखं खातं, कुणाला उन्हाची तिरीप सोसत नाही, सगळं तिला पाठ. खांबामागे बघितलं. पुन्हा दारापासून सुरुवात केली. जन्माचा प्रोग्रामर, टाइप करताना डावा खांदा पाडून बसणारा, तिचा स्वतःचा नवरा त्या भरल्या हॉलमध्ये कुठेच नव्हता. इतक्या दुपारी गेल्या, तिला त्याची एकदाही आठवण झाली नव्हती. ‘खिडकीशी बसवलंय’ म्हणाली असती तर त्याने मानलंही असतं.

“नाही बसवलं,” ती म्हणाली.

“हं,” तो म्हणाला. “मला दर रविवारी वाटायचं, आज माझं नाव घेशील. म्हणून तर त्या श्रीरंगची चौकशी करायचो.”

मुग्धाला रडू फुटलं.

“रडू नकोस गं,” तो म्हणाला. “काम चांगलं आहे, घे ते. चेन्नईची तारीख मी इकडून रद्द करायला सांगतो.”

तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ती रिसीव्हर तसाच धरून रडत राहिली, आणि पलीकडे अजितनेही फोन ठेवला नाही.