डावखुऱ्या हिरोचा देश

मी पडदा बोलतोय. म्हणजे बोलावं की नाही, याबद्दल माझं मन अजून साशंक आहे. जन्मभर इतरांचे संवाद अंगावर घेतले. स्वतःचं एक वाक्यही कधी उच्चारलं नाही. शिवाय एक अडचण आहे. माझ्यावर इतके सिनेमे पडले, पण मी एकही पाहिलेला नाही. माझ्यावरचं चित्र मला दिसतच नाही. मला दिसतात ते फक्त बघणाऱ्यांचे चेहरे.

मी मालेगावच्या एका यंत्रमागावर जन्मलो. खरं तर माझे पलंगपोस व्हायचे होते. पण हिरामण नावाच्या फिरत्या टॉकीजवाल्याने मला पसंत केलं, कडेने काळी पट्टी शिवली आणि हरसूलपासून पिंपळगाव बसवंतपर्यंत जत्राजत्रांत ताणून उभं केलं.

मी अंगाने पातळ. त्यामुळे चित्र मागूनही दिसायचं, फक्त उलटं. पुढे तिकीटवाले बसायचे, मागे फुकटे. हरसूलचा बुधा हा मागच्या बाजूचा जुना मानकरी. एकदा तो हिरामणला म्हणाला, "तुझे सगळे हिरो डावरे कसे रे?"

"अरे, पुढे येऊन बघ. उजव्या हाताने मारतो तो."

"मला नको शिकवू. मी लय पिक्चर बघितलेत. हिरो डावराच असतो."

पुढे प्रत्येकाच्या खिशात सिनेमा आला आणि हिरामण टेम्पो चालवू लागला. मी द्राक्षांच्या क्रेटवर आच्छादन झालो. तक्रार नाही. पण ज्या अंगावर लोक रडले, त्या अंगावर माश्या बसू लागल्या, एवढंच.

तिथून मला सोडवलं प्राध्यापक सावळीराम पगारे यांनी. निवृत्त, डॉक्टरेट मिळवलेले, नाशिकरोडच्या एका कॉलनीत राहणारे. पुस्तकं आणि सिनेमे यांतून देश कसा घडतो, यावर त्यांनी जाड ग्रंथ लिहिलाय. त्यात दर पानावर 'कदाचित' आहे आणि काही पानांवर तर दोनदा आहे. हिरामणची मुलाखत घ्यायला गेले आणि मला क्रेटवर पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"घेऊन जा सर," हिरामण म्हणाला. "पण डाग जाणार नाय."

घरी शकुबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला धुतलं आणि गच्चीवर माझ्यावर कुरडया वाळत घातल्या. सर हळहळले, पण कुरडया खाल्ल्या.

कॉलनीच्या सभागृहाशेजारच्या खोलीत सर 'पुस्तक-सिनेमा मंडळ' चालवायचे. एक पुस्तक वाचायचं, एक सिनेमा बघायचा, मग चर्चा. चर्चेला हळूहळू सर, शकुबाई आणि मी उरलो. तेव्हा कॉलनीच्या समितीचा अध्यक्ष हर्षल घरी आला.

"जय भीम सर. ती खोली पोरं जिमला मागताहेत."

सरांचा चेहरा असा उतरला, की मी कपाटावरच्या घडीतूनही ओळखला.

"आपण असं करू," हर्षल म्हणाला. "सव्वीस जानेवारीला मैदानात एक पिक्चर दाखवा. आपल्या देशाचा. पब्लिक आलं तर खोली तुमची. नाय आलं तर..." त्याने दंडाची बेटकुळी काढून दाखवली.

आपल्या देशाचा एक सिनेमा! सरांची झोप उडाली. एकात हिरो एकटाच युद्ध जिंकतो. "मग बाकीचं सैन्य काय करत होतं?" सर म्हणाले. दुसऱ्यात माणसं परदेशातल्या बंगल्यात बसून मातीसाठी रडतात. "माती तुडवणारं कोणीच नाही यात." तिसऱ्यात हिरवंगार गाव होतं, देऊळ होतं, पाटील होते. ते सरांनी नीट पाहिलं आणि हळूच म्हणाले, "या गावाला आपली वस्तीच नाही, शकू."

"अहो, देशावर एवढं मोठं पुस्तक लिहिलंत आणि एक पिक्चर सांगता येईना?"

"पुस्तकात 'कदाचित' लिहिता येतं गं. पडद्यावर एकच काहीतरी लावावं लागतं."

शेवटी एक जुना कृष्णधवल सिनेमा निघाला. त्यात एक गरीब मास्तर उघड्यावर शाळा भरवतो आणि फळ्यावर खडूने भारताचा नकाशा काढतो. यात बहुधा कोणाला खटकण्यासारखं काही नव्हतं.

मैदान भरलं. एवढं, की निम्मे लोक माझ्या मागे बसले. सर पुढे, घामाघूम. दिवे मालवले. मास्तरने नकाशा काढला आणि मागून आरोळी आली, "ओ! देश उलटा काढलाय!"

मागून पाहिलं तर गुजरात उजवीकडे, बंगाल डावीकडे आणि आपलं नाशिक पार पूर्व किनाऱ्याच्या अंगाला गेलेलं, म्हणे.

"सव्वीस जानेवारीला देशाचा अपमान!" कोणीतरी उठून ओरडलं.

पुढचे ओरडले, "सुलटाच आहे! डोळे तपासा!"

"तुम्ही अभ्यास तपासा!"

चित्र थांबवलं. हर्षल धावत सरांकडे आला. "सर, बोला काहीतरी. मोबाइल निघालेत."

सरांनी माईक घेतला. "मित्रहो, एका दृष्टीने पाहता, कदाचित..."

"कदाचित नको सर! एकच सांगा!"

सर माईकची वायर ओढत माझ्या मागे गेले. वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू दिसलं.

"नकाशा बरोबर आहे," ते म्हणाले. "आपण मागे बसलोय."

माणसं हसली. तेवढ्यात मागच्या रांगेतून भागीबाई उठल्या. दिवसभर चार घरची धुणीभांडी करून त्या आल्या होत्या.

"ते कळलं मास्तर. पण आम्हीच का मागं?"

याचं उत्तर ग्रंथात नव्हतं. सरांनी नेहमीसारखं मागे-पुढे पाहिलं. पण या वेळी त्यांच्या मागे आणि पुढे खरोखरच माणसं होती.

"इंटरव्हल आत्ताच. बाजू बदलायची," ते म्हणाले. "सगळ्यांनी."

"आम्ही पाचलाच येऊन जागा धरलीय!" पुढून आवाज आला.

"पाचला मी भांडी घासत होते," भागीबाई म्हणाल्या.

शकुबाई पहिल्या रांगेतून उठल्या. शाल काखेत मारली, खुर्ची उचलली आणि मागे चालू लागल्या. मग कुरकुरत बाकीचे निघाले. काय तो गोंधळ! चपलांची अदलाबदल झाली, डबे हरवले, एक आजोबा पूर्ण फेरी मारून पुन्हा आपल्याच बाजूला आले. सिनेमा पुन्हा सुरू झाला, तेव्हा मागे गेलेला एक जण म्हणाला, "अरे, हा डावखुरा कधी झाला?"

"जुळा भाऊ असेल," शेजारी म्हणाला.

शेवटी राष्ट्रगीत झालं. दोन्हीकडचे लोक माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. म्हणजे खरं तर एकमेकांकडे. मध्ये मी होतो, एवढंच. एवढे चेहरे समोरासमोर मी कधी पाहिले नव्हते.

"सर, खोली तुमची," हर्षल म्हणाला.

"खोली जिमला द्या," सर म्हणाले. "मला मैदान द्या."

त्यात 'कदाचित' नव्हतं. शकुबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता दर महिन्याला मैदानात सिनेमा असतो. आधी पुस्तकातलं एक पान वाचतात, मग चित्र, आणि मध्यंतराला बाजूबदल. भांडणं नियमित होतात. मी मात्र विरत चाललोय. वाऱ्याने कोपरा फाटतो, शकुबाई ठिगळ लावतात. समितीत एलईडी भिंत आणायचं घाटतंय. फार लख्ख दिसतं म्हणे तिच्यावर. दिसत असेल. माझं ज्ञान अपुरं आहे आणि मी चुकतही असेन.

पण ती आणायच्या आधी एकदा तिच्या मागे जाऊन पाहा. तिथे नुसत्या वायरी असतात. मला खुशाल खाली उतरवा. माझी ना नाही. फक्त जो कोणी माझ्या जागी येईल, त्याच्या मागे बसून भागीबाईंना भांडता आलं पाहिजे.