मूठमूठ पीठ

पितळी परात कडेवर घेऊन आनंदाबाई जिना उतरल्या. पिपरी मेघेतल्या या इमारतीत त्या एकट्याच राहत; मुलगा सचिन पुण्याला. आज त्यांना सगळ्या घरांचं मूठमूठ पीठ हवं होतं.

त्यांच्या गावी रोडगे असेच व्हायचे. गिरडच्या दर्ग्याचा नवस फिटला की परात घरोघर फिरे. कुणब्याचं, बौद्धांचं, मुसलमानाचं पीठ एकत्र मळून जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. शेजारची जिजाबाई कणीक मळायला असायची. तिच्यासाठीच आनंदाबाईंनी तेव्हा दोन ओळी जुळवल्या होत्या:

मूठ तुझी, मूठ माझी, एका परातीत आली,
पाणी पडल्यावर, बाई, कोणाची ना राहियली.

जिजाबाई जाऊन बरीच वर्षं झाली. परवा ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत आनंदाबाईंनी या ओळी म्हटल्या, टाळ्याही पडल्या. त्यांना वाटलं, यांच्याही घरचं पीठ एकदा एकत्र मळावं.

पहिलं दार उघडलंच नाही. दुसऱ्या दारातल्या सुनेने शिळ्या पोळ्या आणून दिल्या. परवा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारे बाबाराव परातीकडे बघतच राहिले.

घरी पोचेपर्यंत सचिनचा फोन आला.

"आई, तू लोकाच्या दारी पीठ मागून राह्यली म्हणे! बाबारावकाकांनी सांगतलं. तुले काय कमी हाय?"

"रोडगे करतो म्हटलं, बाबू."

"एकटीले कायचे रोडगे?"

त्यांनी परात ओट्यावर ठेवली.

दुपारी दार वाजलं. खालच्या मजल्यावरची नर्स पौर्णिमा उभी होती, ओंजळीत कणीक.

"मावशी, तुमी आल्या तवा मी रातच्या ड्युटीवरून आली नोती. माही आजी सांगे, परात आली का मूठ टाकाच लागते. रोडगे व्हय ना?"

"व्हय वं! बस ना, दोन ओळी आयकवतो."

"बसली असती, पण डोळे मिटून राह्यले. उद्या आयकवजा."

ती गेली. आनंदाबाईंनी तिची मूठ आणि आपली मूठ एकत्र मळली. गच्चीवर चार गोवऱ्या पेटवल्या. एका रोडग्यापुरता निखारा काही धरत नाही. रोडगा वरून करपला, आतून कच्चा राहिला. त्यांनी ओळी पुटपुटल्या. तारेवरचे कपडे तेवढे हलले.

त्यांनी रोडगा मोडला. त्यातल्या त्यात बरा भाजलेला अर्धा तुपात बुडवला, फडक्यात बांधला आणि पौर्णिमाची झोप होईस्तोवर मांडीवर घेऊन बसल्या.