दोनशे बाराचं शेवटचं पान

"दहा महिने!" माईंनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण असं आपटलं की खिडकीखालच्या बाकावर बसलेल्या नर्सबाई दचकल्या. "दहा महिने झाले, एक पुस्तक धरून बसलाय माणूस. अंड्यांवर बसलेली कोंबडीसुद्धा एकवीस दिवसांत उठते."

सून टेबलाशी एका कॉमिकच्या फाटक्या पाठीला चिकटपट्टी लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"या नर्सबाई चौथ्यांदा विचारायला आल्यात. त्यांना काय सांगू? दोनशे बारा नंबरचं पुस्तक मंगळावर गेलंय? सतरा पायऱ्या वर आहे ते. माझ्याच घरात. माझ्याच दिराकडे."

"राहू द्या, माई. मी तोवर ते ड्रॅगनचं नेते," नर्सबाई म्हणाल्या.

"ड्रॅगनचं खुशाल न्या. पण दोनशे बारासाठी नंबर तुमचाच. नियम म्हणजे नियम."

रस्त्याकडेच्या त्या लांबट खोलीत माईंचं वाचनालय होतं आणि त्यात एकाच वळणाची पुस्तकं होती. परग्रह, राक्षस, चेटकिणी, काळात मागंपुढं धावणारी यंत्रं. नवऱ्याला त्याचं वेड. तो गेल्यावर माईंनी त्यात कॉमिकांचे गठ्ठे वाढवले, सुनेनं सिनेमांच्या डिस्क आणल्या. संध्याकाळी पाचला कोपऱ्यातल्या टीव्हीवर अंतराळातली मालिका लागली की दातांचे डॉक्टर, गॅरेजवाला, शाळेतल्या बाई असे सगळे बाकावर खेटून बसत आणि सम्राज्ञी खरंच मेली की नुसती गोठली, यावर हमरीतुमरीवर येत. माईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. ओळ वाचायची तर बोट लावून, ओठ हलवून. पण कुठलंही पुस्तक हातात दिलं तर डोळे मिटून, नुसत्या वासावर, नंबर सांगत.

लोक पुस्तकं परत करत नाहीत हे नवऱ्याचं जन्माचं रडगाणं होतं. त्यावर उपाय माईंनी काढला. नवं पुस्तक आलं की पातळ पात्यानं त्याचं शेवटचं पान कापायचं, कोपऱ्यात नंबर घालायचा आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं. वाचकानं पुस्तक परत आणावं, बाकावर बसावं, पान मागावं. वाचून झालं की पान डब्यात, तोंडाला कुलूप. सुरुवातीला लोक चिडले. मग त्याचीच गोडी लागली. तीस वर्षांत एक पुस्तक बुडालं नाही आणि एक पान त्या खोलीबाहेर गेलं नाही.

मागणी एकदाच आली होती. नवरा हॉस्पिटलात होता, हेच दोनशे बारा वाचत होता. शेवटाशी पोचला तेव्हा म्हणाला, "उद्या येताना पान घेऊन ये ना."

"घरी या, बाकावर बसा, मग वाचा," माई म्हणाल्या होत्या. दोघंही हसली होती.

दोन दिवसांनी पुस्तक घरी आलं, चष्म्याबरोबर, एका पिशवीतून.

त्यानंतर ते पुस्तक पंचवीस जणांनी वाचलं. कुणी अवाक्षर काढलं नाही. फक्त एक गोष्ट माईंच्या ध्यानात राहिली होती. ते पान वाचून उठणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, किती वाजले? समोर भिंतीवर परातीएवढं घड्याळ असताना. माईंनी स्वतः त्या पानावर कधी नजर टाकली नव्हती.

"माई," सून आता हलक्या आवाजात म्हणाली, "मी वर चहा नेऊन ठेवते ना सकाळी..."

"मग?"

"दुपारी कप आणायला जावं, तर वाफ अजून येत असते."

"टीव्ही कमी बघ."

"मीच नाही, कचरा न्यायला येते ती बाईपण..."

"तीही बघते."

नर्सबाईंनी ड्रॅगनचं पुस्तक पिशवीत घातलं. "आमच्या डॉक्टरीणबाईंनी तुमच्या दिरांना तीनच महिने उरलेत म्हटलं होतं," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "थंडीत."

"आणि दहा झाले. मग तुमच्या डॉक्टरीणबाईंना म्हणावं, मोजायला शिका," माई म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

भावजी घड्याळं दुरुस्त करत. वरच्या खोलीत भिंतभर घड्याळं टांगलेली, लोकांनी दुरुस्तीला दिलेली आणि न्यायला विसरलेली. एरवी पाचव्या पायरीपासूनच त्यांचा कलकलाट ऐकू येई. आज माई पाचव्या पायरीवर थांबल्या. एक टिक आली. दहाव्या पायरीवर दुसरी. नंतरची टिक आली तेव्हा त्या दाराशी पोचल्या होत्या.

भावजी खिडकीशी खुर्चीत होते. गुडघ्यांवर घोंगडी, एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग आणि भिंगाखाली पुस्तक. माणूस वाळला होता, पण थंडीत होता तेवढाच. पडदा वाऱ्यानं फुगून खोलीत आला होता.

"या, वहिनी." ओठ आधी हलले. शब्द मागून आले.

"माझं पुस्तक."

"वाचतोय."

"दहा महिने?"

"आधी रोज एक पान वाचायचो. मग वाटलं, घाई होतेय. मग एक ओळ." त्यांनी भिंग काढलं, डोळ्याभोवती लाल वर्तुळ उमटलं होतं. "आता एक शब्द."

"आज कुठला?"

"आणि."

माईंनी कमरेवर हात ठेवले. "अख्खा दिवस? 'आणि'?"

"फार मोठा शब्द आहे, वहिनी. आत शिरलं की पलीकडचं टोक दिसत नाही."

"तुम्हाला डॉक्टर नको, मास्तर हवाय. छडीवाला."

"तुमचा मास्तर मीच होतो ना."

ते खरं होतं. माई लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर दहा वर्षांचा. नव्या वहिनीला दुकानाची पाटी वाचता येत नाही हे त्यानंच ओळखलं आणि कुणाला न सांगता रोज दुपारी रॉकेटांची कॉमिकं घेऊन तिच्यासमोर बसू लागला. माईंनी आयुष्यात पहिला वाचलेला शब्द 'धडाम' होता. त्यासाठी त्यांना तीन दिवस लागले आणि तिसऱ्या दिवशी पोरगं टाळ्या वाजवत घरभर नाचलं होतं.

"आहे तरी काय एवढं त्यात?" माईंनी घोंगडी नीट केली, गरज नसताना.

"एक जहाज आहे. ताऱ्यांमधून चाललंय. सगळी माणसं झोपलीत. एकटा घड्याळजी जागा आहे. तो घड्याळांना किल्ली देतोय तोवर जहाज चालतंय."

"आणि मग?"

"मग तुमचा डबा."

माईंना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत यायला बराच वेळ लागल्यासारखं वाटलं.

"अठ्ठावीस शब्द उरलेत," भावजी म्हणाले. "ते झाले की येतो खाली. बाकावर बसून वाचतो. नियम म्हणजे नियम. शेवट कळला की दादाला सांगता येईल. त्याचं राहिलंय ना ते."

पडदा ओढायला म्हणून माईंनी हात पुढं केला आणि तिथंच थांबल्या. त्या आत आल्या तेव्हा फुगलेला पडदा अजून खाली आला नव्हता. त्याला हात लावला, तर तो पाण्यात बुडलेल्या चादरीसारखा, सावकाश, बोटांभोवती सरला.

"चहा गार होतोय तुमचा," त्या म्हणाल्या.

"नाही होत," भावजी म्हणाले.

खाली आल्या तर दिवे लागलेले. मालिका संपून गेली होती, बाक रिकामा होता आणि सून जिन्याच्या तोंडाशी एक पाय पायरीवर ठेवून उभी होती.

"माई! तीन हाका मारल्या मी."

"दहा मिनिटं झाली नाहीत तोवर..."

सुनेनं भिंतीकडे बोट केलं. सात वाजून गेले होते. माईंनी मनगट वळवलं. त्यावर नवऱ्याचं घड्याळ, भावजींनी दरवर्षी साफ करून दिलेलं, आजवर मिनिटाची चूक न केलेलं. त्यात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

सून पांढरीफटक पडली. माईंनी बाही ओढून घड्याळ झाकलं.

"सेल संपला असेल," त्या म्हणाल्या. ते घड्याळ किल्लीचं होतं, हे दोघींनाही माहीत होतं.

जेवणं आटोपून सून आत गेल्यावर माईंनी डबा उघडला. दोनशे बाराचं पान बोटांना लगेच सापडलं, बाकीच्यांपेक्षा थोडं गार होतं. त्यांनी ते पालथं धरलं. बोटांवर मोजलं. अठ्ठावीस शब्द म्हणजे अठ्ठावीस दिवस. मग तो सतरा पायऱ्या उतरून येईल, बाकावर बसेल, पान मागेल, आणि वाचून झाल्यावर विचारेल, किती वाजले. पान त्यांनी परत ठेवलं, झाकण लावलं. पुन्हा उघडलं. पान होतं तिथंच होतं. झाकण परत लावलं.

सकाळी सून चहा वर ठेवून नेहमीसारखी कामाला लागली. घटकाभरानं काही विसरलं म्हणून वर गेली आणि लगेच परत आली. तिच्या हातात भरलेला कप होता.

"माई," ती म्हणाली, "गार झालाय."

माईंनी कपाला बोट लावलं. मग त्या आतल्या खोलीत गेल्या, कपाटाच्या वरच्या खणातून एक पिशवी काढली. त्या पिशवीला घरात कुणी हात लावत नसे. त्यातला चष्मा त्यांनी पुसला, नाकावर ठेवला. बाहेर येऊन डबा उघडला आणि पान घेतलं.

"माई, ते पान..."

"दिसतंय मला. पानच आहे."

"वर नेताय?"

माईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की सून बाजूला झाली.

पहिल्या पायरीपासूनच आवाज येत होता. सगळी घड्याळं चालली होती, कधी नव्हे एवढ्या घाईनं, एकमेकांना मागं टाकत. दार उघडं होतं. भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाण्यानं बसवले होते, पायांत बूट होते. पुस्तक मिटून मांडीवर. एका रात्रीत गालांचं मांस गेलं होतं. मधले सात महिने त्या चेहऱ्यानं एकदम भरून काढले होते. पडदा फडफडत होता, साध्या पडद्यासारखा.

"संपवलं, वहिनी," त्यांना धाप लागली होती. "तुम्ही गेल्यावर वाटलं, दादाला फार ताटकळत ठेवलंय. उरलेले वाचून टाकले. येतच होतो खाली. एवढी नाडी बांधली की..."

एका बुटाची नाडी सुटलेली होती. ती बांधायला वाकायचं बळ त्यांच्यात नव्हतं.

माईंनी स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ. भावजींनी त्यांच्या हातातलं पान बघितलं. नाकावरचा चष्मा बघितला. मग पानासाठी हात पुढं केला.

माईंनी पान दिलं नाही. आपल्या मांडीवर सरळ पसरलं आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

"आ," त्या म्हणाल्या.

थांबल्या. चष्मा वर सरकवला. ओठ हलले, नुसतेच. भावजी त्यांच्या ओठांकडे बघत होते, कॉमिक उघडून समोर बसलेल्या त्या पोरासारखे. सांगायचं नाही म्हणून ओठ दाबून धरलेले.

"आ... णि."

भिंतीवर एक टिक झाली. पुढची टिक कधी येते याची माईंनी वाट पाहिली. ती आली, पण रमतगमत. पडदा फुगला आणि फुगलेलाच राहिला.

"पुढं," भावजी हळूच म्हणाले.

माईंनी बोट हलवलं नाही. चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

"तुमच्यासारखा बेशिस्त वाचक या वाचनालयात दुसरा झाला नाही, भावजी. दहा महिने पुस्तक अडवलंत आणि आता शेवटाला घाई. बूट काढा ते. हे पान मी वाचणार आहे, आणि मला वाचायला किती वेळ लागतो, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."