रोटरखालचं पायताण

"अवो, रोटर बसतोय! बांधावर घासला बघा," क्रांती ओरडली.

"जड हाय त्यो, घासंलच की! तू ठिबकच्या नळ्या गोळा कर. मला ट्रॅक्टर शिकवू नगंस," विश्वजितनं वरूनच उत्तर दिलं आणि हातरेस वाढवला. इंजिन गरजलं, मागं जोडलेला, माती फोडायचा रोटर कसाबसा वर आला आणि विश्वजित वळून पुढच्या तासाला लागला.

कोडोलीच्या खालच्या अंगाला, वारणेकाठी त्यांचं काळं रान. उसाचा खोडवा निघाला होता. पावसानं जरा उघडीप दिली होती, तेवढ्यात रान भुसभुशीत करून सरी सोडली तर आडसाल लागण वेळेत होणार होती. त्यामुळं घाई सगळ्यांनाच होती. विश्वजितला मात्र बारमाही घाई. आणि बायकोनं सांगितलेलं त्याला पहिल्या खेपेला कधी पटलंच नाही. दुसऱ्या खेपेला पटायचं, पण तोवर ते त्याचं स्वतःचं म्हणणं झालेलं असायचं.

क्रांती भ्याली होती, आणि उगाच भ्याली नव्हती. वरच्या आळीतला धैर्यशील गेल्या साली असाच उचललेल्या रोटरखाली शिरला होता. रोटर खाली आला आणि त्याचं पाऊल गेलं. आता तो कुबडी घेऊन दूध घालायला येतो, सगळ्यांशी हसून बोलतो, पण क्रांतीची नजर आधी त्याच्या कुबडीकडं जाते. आज सकाळी ट्रॅक्टर गार होता तोवर रोटर झटक्यात वर येत होता. ऊन चढलं, इंजिन तापलं, तसा तो दमत दमत वर यायला लागला, आणि वर आला तरी टिकेना. नळ्या गोळा करता करता तिनं हे सगळं पाहिलं होतं.

दुपारच्या तोंडाला मातीत गाडलेली ठिबकची एक नळी पात्यांना गुंडाळली. करकर आवाज झाला. विश्वजितनं पाती फिरवणारा पीटीओ काढला, तशी ती थांबली. रोटर वर उचलून तो विळा घेऊन खाली उतरला.

"इंजिन बंद करा की आधी," क्रांती म्हणाली.

"बंद केलं की रोटर लगीच खाली येतोय."

म्हणजे ह्याला माहीत होतं तर! क्रांती बघतच राहिली. "मग खाली कायतरी लावा. मामा, त्यो ओंडका आणता का हिकडं?"

तिचे सासरे ज्ञानू आबा बांधावर बाभळीच्या फांद्या तोडत होते. ते गुडघ्यावर हात ठेवून उठेपर्यंत लेक पाठीवर झोपून रोटरखाली सरकलासुद्धा.

"दोन मिंटाचं काम हाय. तू वर बस, लिफ्टची दांडी वरच धर. दुसऱ्या कशाला हात लावू नगंस!"

क्रांती सीटवर चढली. दांडी दोन्ही हातांनी धरली आणि मान वळवून मागं बघत राहिली. खाली त्याचा निळा शर्ट दिसत होता. शर्टाच्या वर वाकडी, मातीनं माखलेली पाती. मध्ये वीतभर जागा.

दांडी होती तिथंच होती. जागा मात्र कमी झाली.

तिला वाटलं, आपल्यालाच भास होतोय. तिनं डोळे मिटून उघडले. आता चार बोटंच राहिली होती.

"अवो! भाईर या! अवो!"

इंजिनाच्या धडधडीत तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. खाली तो निवांत नळी कापत होता. उतरून ओढावं तर दांडी सोडायची कशी? आबा ओंडका घेऊन निघाले होते, पण ढेकळांतून त्यांचं चालणं ते केवढं!   देवा जोतिबा, एवढ्याला सांभाळ, एवढंच तिच्या मनात येत होतं.

मग तिला सकाळचं आठवलं. रोटर बसला की हा रेस वाढवायचा आणि रोटर वर यायचा. रेस वाढवावा का? पण पाती फिरली तर? तिनं परत खाली बघितलं. इंजिन चालू होतं आणि पाती थांबलेली होती. म्हणजे पीटीओ काढलेलाच होता. नसता काढला तर पाती आताही फिरली असती. एवढा हिशेब तिनं केला, पण दांडीवरून काढून रेसवर ठेवलेला एक हात काही केल्या हलेना. हिशेब चुकला असला तर? घरी पोराला काय सांगायचं?

तिनं डोळे मिटून रेस ढकलला.

इंजिन किंचाळलं. क्रांतीनं डोळे उघडले. पाती थांबलेलीच होती, आणि रोटर वीतभर वर सरकला होता.

खालून शिव्या ऐकू आल्या. पाठोपाठ विश्वजित घासत बाहेर आला, एक पायताण आत ठेवूनच. बायकोनं वाचवलं हे त्याच्या गावीही नव्हतं. तिला झापायला तो बाहेर आला होता.

"कशाला हात लावू नगं म्हटलं न्हवं तुला? मारतीस काय मला?"

क्रांतीनं दांडी वर होती ती तशीच धरून ठेवली आणि रेस हळूहळू कमी केला.

"बघा," ती म्हणाली.

रोटर खाली यायला लागला. गडबड नाही, दणका नाही. सावकाश येत येत तो मातीला टेकला, पायताणावर बसला आणि आत रुतला. विश्वजितनं आपल्या छातीवर हात ठेवला आणि तो तिथंच ढेकळावर बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

आबांनी ओंडका टाकला. इंजिन बंद करायला लावलं. लिफ्ट ज्या तेलावर चालते, त्या तेलाच्या तोंडाला झाकण नव्हतंच. ते कधी हरवलं कुणास ठाऊक, तिथं फडक्याचा बोळा कोंबला होता. बोळा काढून आबांनी तेलात काडी बुडवली आणि वर काढली.

"आरं, तेल न्हवं ह्ये. चा झालाय की दुधाचा!"

"पाणी गेलं..." विश्वजित पुटपुटला.

कुठून गेलं ते तिघांनाही कळलं. बेंदराच्या सणाला गावची बैलं नदीत धुतात. ह्यांच्या दावणीला बैल उरला नव्हता, म्हणून विश्वजितनं ट्रॅक्टरच पोटापर्यंत पाण्यात घातला होता. घासला, धुतला, झूल घातली, पोळी दाखवली. गावानं फोटो काढले होते.

"बैल पाण्यातनं निघाला की अंग झाडतोय रं," आबा म्हणाले. "ह्येनं कसं झाडायचं?"

तेव्हा क्रांतीला रडू फुटलं. ट्रॅक्टरवर बसूनच ती मोठ्यानं रडली, आणि रडता रडता नवऱ्याला नको नको ते बोलली. त्यानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. त्यानं सगळं तेल सोडलं, गाळानं तुंबलेली जाळी धुतली, नवं तेल ओतलं आणि तोंडाला खरं झाकण बसवलं. रोटर वर गेला तो वरच राहिला. तापल्यावरही राहिला.

चेपलेलं पायताण विश्वजितनं ट्रॅक्टरच्या मागं तारेनं बांधलं. येणारेजाणारे म्हणतात, "दिष्ट लागू नये म्हणून व्हय?" तो नुसता मान हलवतो.

परवा पात्यात पुन्हा पाचट अडकलं. त्यानं विळा घेतला, रोटरपाशी गेला आणि उभा राहिला. रोटर वर होता, तेल नवं होतं, तरी खाली शिरला नाही.

"क्रांते, ओंडका लावलास का गं?"

क्रांतीनं ओंडका लावला, लाथ मारून बघितला, हलत नाही याची खात्री केली. 

"जावा आता," ती म्हणाली, तेव्हा कुठं तो वाकला.