जादा टायरमधलं घरटं

नोकरी संपल्यापासून मी आणि माझी बायको व्हर्ना आमच्या मोटारहोममध्ये, या चाकांवरच्या घरातच राहतो. ॲरिझोनात अशा गाड्यांच्या एका तळावर चिमणीएवढी एक पक्षीण, मी गाडीमागे गेलो की अंगावर धावून यायची.

"डोकं उठवलंय हिनं! निघू इथून."

"तुझं डोकं उठायला काय लागतं? अरे, उगाच नाही ओरडत ती. बघ तरी मागे."

मी बघितलं नाही, गाडी काढली. दोनशे मैलांवर थांबलो, तेव्हा मागच्या जादा टायरच्या कव्हरात चार पिल्लं चोची वासून बसलेली दिसली.

तसाच उलटा फिरलो. पोचेपर्यंत एकही वाचलं नाही.

आमच्या जागेवर दुसरी गाडी उभी होती. तिच्या टायरभोवती ती पक्षीण चोचीत अळी धरून घिरट्या घालत होती. मला बघून या वेळी ओरडली नाही.