बाईंच्या प्रवासातली फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी. दीड हात लांब, मध्ये जराशी झिजलेली. चाकाची खुर्ची आणि गाडीची सीट यांच्यामध्ये मला टेकवायचं आणि माझ्यावरून सरकत पलीकडे जायचं, एवढंच माझं काम.

माझ्या बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. नकाशा टांगताना शिडीवरून पडल्या, मणक्याला जबर मार बसला आणि कमरेखालचं शरीर कायमचं बधिर झालं. त्यांच्या धाकट्या भावाचं फर्निचरचं दुकान. त्याने मला पॉलिश पेपरने घासून घासून गुळगुळीत केलं. कारण लाकडाचं बारीक कुसळ टोचलं तरी बाईंना कळणार नव्हतं, आणि जखम चिघळली की महिनोन् महिने अंथरूण धरावं लागायचं.

बाई, भाऊ आणि मी, असा आमचा पहिला मोठा प्रवास मला अजून आठवतो. बाईंना नदी समुद्राला मिळते ती जागा पाहायची होती. माझ्या थोरल्या भावावर, म्हणजे शाळेतल्या फळ्यावर, ती त्यांनी कितीदा तरी काढली होती. पाहिली मात्र कधीच नव्हती.

स्टेशनवर डब्याची दारं उंच आणि कबूल केलेला रॅम्प बेपत्ता. बाई काही बोलायच्या आत दोन हमालांनी मागून खुर्ची उचललीसुद्धा.

"थांबा!" बाई ओरडल्या. "मी काय पेटी आहे? आधी विचारा, मग उचला."

हमाल ओशाळले. "चुकलं ताई. कुठे धरू, सांगा."

बाईंनी सांगितलं तसं त्यांनी धरलं आणि अलगद आत ठेवलं. प्रवासभर बाईंनी घोटभर पाणी घेतलं नाही, कारण डब्यातल्या संडासात खुर्ची शिरणारच नव्हती.

लॉजवर पुन्हा तेच. न्हाणीघराचं दार अरुंद.

"फोनवर तर काही अडचण नाही म्हणालात!" भाऊ चिडला.

"अहो, आजवर कुणाला आली नाही," मॅनेजर म्हणाला.

भावाने स्क्रूड्रायव्हर काढला, दारच उतरवलं आणि तिथे चादर टांगली.

"आणि कुणी आलं तर?" मॅनेजर घाबरला.

"मी आत मोठ्याने गाणं म्हणेन," बाई म्हणाल्या. "मग कुणी फिरकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यावरून सरकत जीपमध्ये बसल्या आणि आम्ही नदीच्या मुखाशी पोचलो.

"फळ्यावर मी दोघांच्या मध्ये रेघ काढायचे," त्या म्हणाल्या. "इथे रेघच नाही रे."

भावाने तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढे आम्ही खूप फिरलो. मग हलकी प्लॅस्टिकची फळी आली आणि मी कपाटामागे गेले. गाडी सुरू झाल्याचा आवाज यायचा, आणि जीव नुसता कासावीस व्हायचा.

एकदा घरी एक टॅक्सीवाले काका आले. अपघातात त्यांचाही मणका गेला होता.

"आता कसला प्रवास, बाई!" ते म्हणाले.

"कुठे जावंसं वाटतं, तेवढं सांगा."

काका पुटपुटले, "मुलीकडे."

बाईंनी मला कपाटामागून काढलं, पदराने धूळ पुसली आणि काकांच्या मांडीवर ठेवलं.

मुलीच्या दारात काका माझ्यावरून सरकत गाडीतून उतरले. दम लागला होता, पण हसत होते. "जन्मभर लोकांना पोचवलं," ते म्हणाले. "आज मी पोचलो."

मित्रांनो, घरात जुनी खुर्ची, कुबडी, फळी पडून असेल तर अडगळीत टाकू नका. ज्याला हवी त्याला द्या. परवा काकांनी मला नवं पॉलिश केलं. म्हातारपणी कुणी असा मायेने हात फिरवला, की फार बरं वाटतं हो.